बशीतलं वर्तुळ, हंड्यातलं पाणी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात, तर हे काम हमखास चाललेलं दिसतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प संपवायची घाई असते. कुणी तुळस आणलेली असते, कुणी कडुनिंब, कुणी डाळिंबाची सालं. ती सावलीत वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून आटवायची. मग पेट्री डिशमधल्या अगरवर ई. कोलाय किंवा टायफॉइडचा साल्मोनेला पसरवायचा, अगरमध्ये बारीक भोकं पाडायची, त्यांत अर्काचे थेंब सोडायचे आणि बशा रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या. सकाळी भोकाभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की जीव भांड्यात पडतो. ‘झोन किती आला?’ हा त्या दिवसांत मुलं एकमेकांना विचारतात तो पहिला प्रश्न.

हे वर्तुळ खोटं नसतं. त्या पानात, त्या सालीत जंतूंना रोखणारं काहीतरी आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. पण त्याच्या आकारावरून फार काही ठरवता येत नाही. जे रसायन अगरमधून सहज पसरतं त्याचं वर्तुळ मोठं येतं. तेलकट, पाण्याशी न जमणारं रसायन जालीम असलं तरी भोकाजवळच अडकून राहतं. अर्कात मिथेनॉल उरलं असेल तर काही काम त्यानंच उरकलेलं असतं. आणि बशीतला जंतू एकटा असतो, भरपूर पोसलेला असतो, जोमानं वाढत असतो. विहिरीत हाच जंतू उपाशी असतो, गाळाच्या कणाला चिकटलेला असतो, इतर असंख्य जातींच्या गर्दीत असतो. आणि उपासमारीत तग धरलेले जंतू मारायला अधिक चिवट असतात.

तरीही हे प्रकल्प व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये आहे. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या हैदराबादेत टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की जुनी औषधं तर सोडाच, सेफ्ट्रायाक्झोनसारखं शिरेतून द्यायचं औषधही त्या जंतूवर चालेना. तोंडानं घ्यायच्या औषधांत अ‍ॅझिथ्रोमायसिनवर भिस्त उरली. हा जंतू येतो दूषित पाण्यातून आणि अन्नातून. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. चालती-बोलती माणसं हातपाय लुळे पडून अतिदक्षता विभागात पोचली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला. पोट बिघडवणारा हा जंतू स्वतः मज्जातंतूंवर हल्ला करत नाही. त्याच्याशी लढताना शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. त्या आठवड्यांत पुण्यात लोक पाणी उकळून पिऊ लागले, आणि नळाच्या पाण्यात क्लोरिन किती, हा एरवी कुणाच्या गावी नसलेला प्रश्न घराघरांत विचारला गेला.

म्हणजे औषधं बोथट होताहेत आणि पाणी अजून धड नाही. अशा वेळी वनस्पतींकडे पाहणं स्वाभाविक आहे. झाडाला पळून जाता येत नाही. जंतू, बुरशी, कीड यांच्याशी जागच्या जागी लढायला त्यानं कोट्यवधी वर्षांत रसायनांचा मोठा साठा बांधलेला आहे. मग त्या साठ्यातून पाण्यातल्या जंतूंविरुद्ध आजवर जवळपास एकही प्रतिजैविक औषधाच्या दुकानात का पोचलेलं नाही?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग १८८४ साली बर्लिनमध्ये सापडलेल्या रंगवण्याच्या एका पद्धतीत आहे. हान्स ख्रिश्चन ग्राम हा डॅनिश डॉक्टर फुप्फुसाच्या तुकड्यांतले जंतू नीट दिसावेत म्हणून रंगवत होता. काही जंतूंनी जांभळा रंग धरून ठेवला, काहींचा तो धुऊन गेला. रंग धरणारे ग्रॅम-पॉझिटिव्ह, सोडणारे ग्रॅम-निगेटिव्ह. नंतर कळलं की दुसऱ्या गटाच्या जंतूंना पेशीच्या भिंतीबाहेर आणखी एक पटल असतं. त्याची बाहेरची बाजू लिपोपॉलिसॅकराइडची, म्हणजे शर्करा जोडलेल्या स्निग्धाची. तेलकट रेणूंना ती सहज आत येऊ देत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या लहान रेणूंसाठी पटलात अरुंद वाटा असतात. वनस्पतींचे बरेचसे रेणू त्यांतून जायला मोठे पडतात. आणि जे कसेबसे आत शिरतात त्यांना बाहेर फेकायला पेशीत पंप बसवलेले असतात.

आता पाण्यातून येणाऱ्या जंतूंची नावं पाहा. पटकीचा व्हिब्रिओ कॉलरी, टायफॉइडचा साल्मोनेला, रक्ती हगवणीचा शिगेला, जुलाबांचा ई. कोलाय, पुण्यात गाजलेला कॅम्पायलोबॅक्टर. झाडून सगळे ग्रॅम-निगेटिव्ह. वनस्पतींची रसायनं त्वचेवर फोड आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला पुष्कळदा चांगली आवरतात. या मंडळींपुढे तीच लंगडी पडतात.

२००२ मध्ये अमेरिकेत किम लुईस यांच्या गटानं ही गोष्ट प्रयोगानं दाखवली. रेवंदचिनीतलं ऱ्हाइन, चित्रकातलं प्लंबॅजिन, दारुहळदीतलं बर्बेरिन अशी वनस्पतींची रसायनं त्यांनी ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर घातली, तेव्हा बहुतेकांचा परिणाम नगण्य होता. मग पंप बंद पाडणारा एक कृत्रिम रेणू सोबत दिला, आणि त्याच रसायनांची ताकद कितीतरी पटींनी वाढली. ऱ्हाइनची तर शेकडो पटींनी. म्हणजे हत्यार धारदार होतं, ते आत टिकू दिलं जात नव्हतं. या निष्कर्षाचं मला फार मोल वाटतं, कारण त्यामुळे ‘झाडपाल्यात काही दम नाही’ आणि ‘झाडपाल्यात सगळं आहे’ ही दोन्ही मतं एकदम मोडीत निघतात.

याच गटानं त्याआधी, २०००च्या सुमारास, फ्रँक स्टेर्मिट्झ यांच्यासोबत दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत आणखी एक गंमत शोधली होती. बर्बेरिन हा पिवळा, धनभारित रेणू. दारुहळदीचं लाकूड पिवळं दिसतं ते त्याच्यामुळेच, आणि वैद्य डोळ्यांसाठी वापरत आले ते रसांजन म्हणजे दारुहळदीचाच आटवलेला काढा. स्टॅफिलोकॉकस हा रेणू पंपानं बाहेर टाकतो. पण या झुडपांत दुसरंही एक रसायन निघालं. ते एकटं जंतूला काहीच करत नाही. फक्त तो पंप बंद पाडतं. झाड दोन्ही एकत्र बनवतं. अर्क शुद्ध करत करत एकच ‘गुणकारी घटक’ वेगळा काढायची आपली पद्धत इथे उघडी पडते, कारण दुसरा रेणू चाचणीत निकामी ठरून केव्हाच फेकला गेला असता. वैद्य अख्खा काढा देतात त्याला यातून थोडा आधार मिळतो. तो सरसकट प्रमाणपत्र मात्र नाही, कारण हा खेळ ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूवरचा आहे. पाण्यातल्या जंतूंचे पंप वेगळे आणि बाहेरचं पटल वर आहेच.

दुसरी अडचण साध्या हिशेबाची आहे. कच्चा अर्क जंतूंची वाढ थांबवतो ती मात्रा पुष्कळदा एका मिलिलीटरला काही मिलिग्रॅम अशी असते. ५ मिलिग्रॅम धरू. पंधरा लिटरच्या हंड्याला ७५ ग्रॅम आटवलेला अर्क लागेल, आणि तो काढायला कितीतरी अधिक पाला. असं पाणी कडू, तुरट, हिरवट होईल. ते पिणं तर दूरच, भांडी घासायलाही कुणी घेणार नाही. त्याच हंड्याला लिटरला २ मिलिग्रॅम या दरानं क्लोरिन लागतं ३० मिलिग्रॅम. अडीच हजार पटींचा फरक आहे. शिवाय क्लोरिनचा अंश पाण्यात मागे राहतो आणि वाटेत नव्यानं शिरलेल्या जंतूंनाही मारतो. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून टाकीत सोडतो आणि नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकून पिवळी छटा पाहतो, ते हा अंश पोचला की नाही हे तपासण्यासाठी. तांब्याभर पाण्यात टाकलेली तुळशीची चार पानं हे काम करू शकत नाहीत. तीर्थ म्हणून ते पाणी ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं. पण ते शुद्ध झालं असं लहान मुलांच्या पाठ्यपुस्तकी निबंधांपासून मोठ्यांच्या मोबाइलपर्यंत जे फिरत असतं, त्यानं एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

*

म्हणून पाण्यातल्या जंतूंच्या बाबतीत वनस्पतींनी जे खरोखर करून दाखवलंय, ते बहुतेकदा मारण्यापेक्षा वेगळं काही आहे. ती कामं मला अधिक देखणी वाटतात.

पटकीत माणूस जंतूमुळे थेट मरत नाही. जंतू आतड्यात एक विष सोडतो, ते विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, आणि काही तासांत शरीर कोरडं पडतं. हे विष असतं हे १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी सिद्ध केलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधायचा, आत जंतू गाळून काढलेला द्रव घालायचा आणि तुकडा पाण्यानं फुगतो का ते पाहायचं, ही त्यांचीच पद्धत. १९८२ मध्ये याच पद्धतीनं दिसलं की बर्बेरिन दिलं तर पटकीच्या आणि ई. कोलायच्या विषानं आतडं तितकं फुगत नाही. मग ढाक्यात माणसांवर चाचणी झाली. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. १६५ प्रौढ रुग्ण होते. विष सोडणाऱ्या ई. कोलायमुळे जुलाब झालेल्यांना बर्बेरिन सल्फेटची ४०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली, तेव्हा चोवीस तासांत जुलाब थांबलेले ४२ टक्के होते. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात २० टक्के. पटकीत मात्र टेट्रासायक्लिनच्या जोडीला बर्बेरिन देऊन शौचाचं प्रमाण आणखी घटलं नाही.

मला ही चाचणी आदर्श वाटते, कारण तिनं ‘हो’ही सांगितलं आणि ‘नाही’ही. वनस्पतीच्या नावानं झालेल्या संशोधनात असा दुहेरी निकाल छापून येणं दुर्मीळ आहे.

आतड्यातली ही गळती थांबवण्याचं काम पुढे दुसऱ्या एका झाडाच्या चिकानं औषधशास्त्राच्या दारातून आत येऊन केलं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं क्रोटॉन लेक्लेरी हे झाड खरवडलं की रक्तासारखा लाल चीक येतो. तिथले लोक तो जुलाबांवर पूर्वापार वापरतात. त्यातून काढलेलं क्रोफेलेमर आतड्याच्या पेशींतल्या क्लोराइडच्या वाटा बंद करतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एचआयव्ही रुग्णांच्या जुलाबांसाठी त्याला मान्यता दिली. पोटात घ्यायचं वनस्पतिजन्य औषध म्हणून ते तिथलं पहिलंच.

लाल मिरचीची कथा याहून नवलाची. जपान आणि भारतातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की तिखटपणाचा रेणू, कॅप्सेसिन, व्हिब्रिओला मारत नाही, त्याला विष बनवू देत नाही. विषाची जनुकं ज्या साखळीनं चालू होतात तीच तो मंदावतो. जंतू जिवंत, वाढणारा, पण निःशस्त्र. यातला मोठा फायदा असा की मरणाचं दडपण नसेल तर प्रतिकार करणाऱ्या पिलावळीला पुढे येण्याचं कारणही कमी होतं. आता यावरून ठेचा खाल्ला की पटकी होत नाही असं कुणी काढू नये. हे काम परीक्षानळीतलं आहे.

याउलट लिंबाचं काम थेट लोकवस्तीतलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत १९९० च्या दशकात पटकीच्या साथी आल्या, तेव्हा भातावरच्या कालवणात लिंबू पिळणाऱ्या घरांत आजार कमी आढळला. कारण सरळ आहे: व्हिब्रिओला आंबटपणा मुळीच सोसत नाही. भात उरवून दुपारी खाण्याच्या रिवाजात लिंबानं जे केलं, ते आपल्याही भातखाऊ भागांना समजण्यासारखं आहे.

*

पण या सगळ्यांत शेवगा मला सर्वांत जवळचा. मूळचा हिमालयाच्या पायथ्याच्या वायव्य पट्ट्यातला. आपण त्याच्या शेंगा आमटीत घालतो, पाल्याची भाजी करतो आणि वाळलेल्या शेंगेतलं पंखवाल्या सालीचं बी उडवून देतो. ब्रिटिश काळात हे झाड शोभेसाठी सुदानात गेलं. नीळ नदीच्या पुराचं पाणी तांबडं, मातकट. काठच्या बायकांनी या बियांचा उपयोग शोधला. बी कुटून, पाण्यात कालवून, रांजणात ढवळलं की गाळ खाली बसतो. १९७० च्या दशकात खार्टुममध्ये काम करणाऱ्या सामिया अल अझारिया यान या जर्मन संशोधिकेनं ते टिपलं आणि जगापुढे मांडलं.

त्यामागचं रसायन असं. मातीचे बारीक कण आणि जंतू, दोघांच्याही पृष्ठावर ऋण भार असतो. म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. शेवग्याच्या बियांत लहान, धनभारित प्रथिनं असतात. ती कणांना आणि जंतूंना चिकटतात, भार मोडतात, गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. तुरटीही हेच करते, फरक इतकाच की तुरटीत अ‍ॅल्युमिनियम आहे आणि इथे प्रथिन. आणि या प्रथिनांत एक जादा गुण आहे: त्यांचा एक भाग जंतूच्या पटलात घुसून पटलं एकमेकांत मिसळवतो, आणि जंतू मरतो. जे बाहेरचं पटल इतर रसायनांना अडवतं, त्याचाच ऋण भार इथे प्रथिनाला ओढून घेतो. म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूची ढाल या एका बाबतीत त्याच्याच अंगाशी येते.

हे घरगुती रांजणापुरतं राहिलं नाही. दक्षिण मलावीतल्या थायोलो गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात १९९० च्या दशकात इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाच्या अभियंत्यांनी पावसाळ्यातलं पाणी शेवग्याच्या बियांवर चालवून पाहिलं. गढूळपणाच्या एककात २७० ते ३८० असलेलं पाणी ४ च्या खाली आलं.

आणि तरी इथेही थांबून विचारावं लागतं की दुसऱ्या दिवशी काय होतं. सुदानातल्याच १९८७ च्या एका अभ्यासानं ते विचारलं. बी घातल्यावर एक-दोन तासांत गढूळपणा ८० ते ९९.५ टक्क्यांनी उतरला, जंतू ९० ते ९९.९९ टक्क्यांनी. पण जंतू बरेचसे तळाच्या गाळात जाऊन बसले होते. चोवीस तासांच्या आत साल्मोनेला आणि शिगेला पुन्हा वाढले, काही वेळा ई. कोलायही. बियांतल्या प्रथिनांखेरीज जे तेल, साखरा, इतर सेंद्रिय द्रव्यं पाण्यात उतरतात ती जंतूंना खाद्य होतात. म्हणून वरचं निवळ पाणी लगेच वेगळं ओतून घेणं, आणि त्यावर क्लोरिन टाकणं किंवा ते उकळणं, ही दुसरी पायरी सोडून चालत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात डॅरेल वेलेगोल यांच्या गटानं यावर उत्तर काढलं ते वाळूचं: बियांचा अर्क ऋणभारित वाळूवर ओतायचा, प्रथिन वाळूला धरून राहतं, बाकीचं धुऊन टाकायचं. मग त्या वाळूतून पाणी गाळायचं. खाद्य राहत नाही, काम करणारं प्रथिन राहतं.

आपल्या सुश्रुतसंहितेत पाणी निवळणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत निवळीचं बी आहे, तसंच साधं वस्त्रही आहे. वस्त्राची ताकद बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत मोजली गेली, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले: चार पदरी जुन्या साडीतून पाणी गाळल्यानं पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले, कारण व्हिब्रिओ ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो ते कापडात अडकतात. निवळीच्या बाबतीत एक सावधपणा हवा. तिच्याच कुळातला काजरा जहाल विषारी आहे, आणि बाजारातल्या बियांत काय आहे हे ओळखणारा माणूस सोबत असावा. शेवग्यात ती भीती नाही. तरीही रोज, वर्षानुवर्षं पिण्याच्या पाण्यात बी घालण्यापेक्षा पाणी गढूळ असेल तेव्हाच तो वापरणं मला योग्य वाटतं. निवळशंख पाण्यात त्याला धरायला कणच नसतात, तो धड कामही करत नाही.

गढूळ पाण्याचे दिवस आपल्याकडे ठरलेले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावांत शिरलं तेव्हा विहिरी आणि बोअर बुडाले. अशा पाण्यात टीसीएल पावडर कितीही ओतली तरी गाळ आणि सेंद्रिय घाण क्लोरिन खाऊन टाकतात, आणि कणांच्या आडोशाला जंतू वाचतात. आधी गाळ बसवायचा, मग क्लोरिन, हा क्रम तिथे जीव वाचवणारा आहे. आणि तुरटीचा ट्रक जेव्हा पुरात अडकलेला असतो तेव्हा पहिल्या पायरीसाठी शेवगा अंगणातच उभा असतो.

हिशेब करून पाहू. पाण्याच्या गढूळपणाप्रमाणे लिटरला ५० ते २०० मिलिग्रॅम गर लागतो. मध्यम १०० धरू. माणशी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला ५ लिटर, हजार वस्तीच्या गावाला ५ हजार लिटर. म्हणजे दिवसाला अर्धा किलो गर, अदमासे अडीच हजार बिया, दीडशेच्या आसपास वाळलेल्या शेंगा. पंधरवड्याच्या पुरासाठी दोन-सव्वादोन हजार शेंगा. गावात पाचपंचवीस झाडं असतील तर हे अशक्य नाही. फक्त शेंग बाजारासाठी हिरवी असतानाच तोडली जाते. बी तयार व्हायला ती झाडावरच तपकिरी होऊन तडकेपर्यंत राहू द्यावी लागते, आणि ते काम एप्रिल-मेमध्ये, पुराचं नावही नसताना करून ठेवावं लागतं. कोरड्या डब्यात सालीसकट ठेवलेलं बी पावसाळा काढतं. गर मात्र ज्या दिवशी वापरायचा त्याच दिवशी काढून कुटायचा.